वाळवंटातील क्रीडा

'वाळवंट' हा शब्द उच्चारला असता सोलापूर जिल्ह्यातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम जे चित्र उभे राहते, ते सहाराचे किंवा अरबस्तानचे नसून पंढरपूरच्या चंद्रभागेचे असते. भीमा नदी पंढरपूरपाशी अर्धचंद्राकार वळण घेते, म्हणून तीस तेथे चंद्रभागा हे नाव पडले; आणि तिच्या पात्रातील वाळूचा जो विस्तार आषाढी-कार्तिकीस टाळमृदंगाच्या गजराने दुमदुमून जातो, त्यासच आपले लोक पिढ्यानपिढ्या वाळवंट म्हणत आले आहेत. निर्जल व ओसाड प्रदेश हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्यापैकी बहुतेकांस शाळेतील भूगोलाच्या पुस्तकाने शिकविला. संस्कृतात या दुसऱ्या अर्थाचा शब्द अगदी निराळा आहे. तो शब्द 'मरु' होय. आणि जेथे प्राणी तहानेने मरतात तो मरु, अशी त्याची फोड परंपरेने सांगितली जाते. म्हणजे वाळूचा जो विस्तार आपणांकडे मेळ्याचे स्थान झाला, तोच अन्यत्र मृत्यूचे स्थान म्हणून ओळखला गेला.

या दोन अर्थांत अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे. वाळवंट हे आता सहलीचे ठिकाण झाले आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत सोलापुरातील मध्यम वर्गाची कुटुंबे राजस्थानच्या यात्रेस निघतात, आणि त्या यात्रेत जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सम येथील वाळूच्या टेकड्या पाहिल्यावाचून सहसा कोणी परतत नाही. ज्यांची मुले किंवा भावंडे नोकरीच्या निमित्ताने दुबईस आहेत, ते तिकडील वाळवंट पाहून येतात. दोहीकडील कार्यक्रम जवळजवळ सारखाच असतो. उन्हे उतरू लागली की जीप येते; चालक चाकांतील हवा थोडी सोडतो; मंडळी आधाराची दांडी घट्ट धरून बसतात; आणि मग गाडी एका टेकडीवर वेगाने चढते, माथ्यावर क्षणभर थबकते, व समोर जमीनच नाही असे वाटत असता दुसऱ्या अंगाने खाली झेपावते. बायकामुले किंचाळतात, हसतात. हा प्रकार अर्धा-पाऊण तास चालतो. त्यानंतर ज्यांस हौस असेल त्यांस एक गुळगुळीत फळी देतात. तिच्यावर बसून अगर उभे राहून टेकडीच्या उतारावरून घसरत यावयाचे. यास सँडबोर्डिंग म्हणतात. मग सूर्यास्त, चहा, लोकगीते, आणि परत मुक्कामास.

या करमणुकीस नाक मुरडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वर्षभर काबाडकष्ट केलेल्या मनुष्याने आपल्या मुलांसह चार घटका निर्भेळ हसावे, यात वाईट काय आहे? तथापि जी भूमी मनुष्यास हजारो वर्षे मृत्यूसारखी भयंकर वाटत होती, ती अर्ध्या तासाचा खेळ कशी झाली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास सुटत नाही. या प्रश्नाच्या पोटात दुसराही एक प्रश्न आहे, आणि तो सोलापूरकरांच्या अगदी अंगणातला आहे. त्याचा विचार पुढे यथाक्रम येईल.

प्राचीनांस वाळूचे भय किती वाटे, याची साक्ष ग्रीक इतिहासकार हिरोडोटस देतो. इराणचा बादशहा कंबायसिस याने इजिप्त जिंकल्यावर अमोन देवतेच्या सीवा येथील देवस्थानावर ५०,००० सैन्य पाठविले, आणि ते सर्वच्या सर्व वाळूच्या वादळात गडप झाले, अशी कथा त्याने लिहून ठेविली आहे. कथेत अतिशयोक्ति असेल; परंतु ती लोकांस खरी वाटली, हेच त्या भयाचे प्रमाण होय. आपल्या इकडील उदाहरण अधिक निश्चित आहे. राज्य गमावलेला हुमायून बादशहा १५४२ साली मारवाडातून जैसलमेरच्या वाटेने अमरकोटाकडे निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्यातील कित्येक माणसे पाण्यावाचून तडफडून मेली. त्या प्रवासात बादशहाची बेगम गरोदर होती. आणि अमरकोटास पोहोचल्यावर १५ ऑक्टोबर १५४२ रोजी तिच्या पोटी अकबराचा जन्म झाला. आज ज्या प्रदेशात आपण फळीवरून घसरतो, त्याच थरच्या मरुभूमीतून ही मंडळी विहिरी शोधीत चालली होती.

परंतु मरुभूमीचे रहिवासी तिला मृत्युभूमी मानीत नव्हते, हेही येथेच सांगितले पाहिजे. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसल याने वसविला, आणि पुढे शतकानुशतके तेथील व्यापारी उंटांच्या तांड्यांवर सिंध व त्यापलीकडील देशांशी व्यापार करून गबर झाले. उंटाचा रुंद, मऊ तळवा वाळूत रुतत नाही. पाणी कोठे, चारा कोठे, हे तांडेवाल्यास ठाऊक असते. म्हणजे वाळवंट दुस्तर होते ते परक्यास. घरच्यास ते केवळ कठीण होते. 'हे ओसाड आहे' असे म्हणणारा मनुष्य बहुधा बाहेरून आलेला असतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

बाहेरच्या मनुष्यास वाळवंटात फिरण्याचे बळ आले ते मोटारीमुळे. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, इजिप्तच्या पश्चिमेस सेनुसी टोळ्यांवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी फोर्ड कंपनीच्या हलक्या मोटारींची गस्त सुरू केली. या गाड्या खडकाळ व कंकरमय मैदानावरून चांगल्या धावत. परंतु वाळूच्या उंच टेकड्यांची रांग आली की त्यांची गती कुंठित होई. भरली बैलगाडी नदीच्या कोरड्या पात्रातून काढणे किती जिकिरीचे असते, हे भीमाकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. येथे तर मैलोगणती तसेच पात्र, आणि तेही उभे! टेकड्यांच्या समुद्रात मोटारीने शिरणे अशक्य आहे, असाच त्या काळी समज होता.

हा समज ज्याने खोटा पाडला, तो राल्फ बॅग्नोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होय. त्याचा जन्म १८९६ सालचा. इजिप्तमध्ये नेमणूक असता रजेच्या दिवसांत आपल्या चार मित्रांसह स्वतःच्या खर्चाने मोटार घेऊन वाळवंटात हिंडावयाचे, हा त्याचा छंद. म्हणजे आजची वाळवंटातील सहल ही मुळातच एका हौशी मनुष्याच्या सुटीतून जन्मास आली आहे. १९२९ व १९३० मधील आपल्या मोहिमांत तो इजिप्तच्या पश्चिम भागातील विशाल वालुकासागरात शिरला. समोर वाळूची प्रचंड भिंत. तीवर हळूहळू चढू पाहावे तर गाडी आसापर्यंत रुतणार, हे उघड होते. त्याने उलट मार्ग पत्करला. गाडी भरधाव सोडून त्याने सरळ त्या भिंतीवर घातली. आणि काय आश्चर्य! गाडी न रुतता अलगद वर चढली. आज सम येथील जीपचा चालक टेकडीसमोर येताच वेग वाढवितो, तेव्हा तो नकळत त्याच प्रसंगाची पुनरावृत्ति करीत असतो.

मात्र बॅग्नोल्डचे यश केवळ धाडसाचे नव्हते. चाकातील हवा कमी केली की टायर पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो, आणि चाकास उंटाच्या तळव्याचा गुण येतो, हे तत्त्व त्याने पद्धतशीरपणे वापरले. गाडी रुतलीच तर चाकांखाली घालण्यासाठी पोलादी पन्हळीच्या पट्ट्या त्याने कैरोतील एका भंगारवाल्याकडून मिळविल्या. इंजिनातील पाणी उकळून वाफ होऊन जाऊ नये म्हणून ती वाफ एका डब्यात नेऊन थंड करून पुन्हा इंजिनास मिळेल, अशी योजना त्याने केली. लोखंडी गाडीत होकायंत्र चळते, यासाठी सूर्याच्या छायेवरून दिशा दाखविणारे यंत्र त्याने सुधारून घेतले. पाण्याचा प्रत्येक थेंब मोजलेला, पेट्रोलाचा प्रत्येक डबा नोंदलेला. ज्या खेळात प्राण जाण्याचा संभव असतो, तो खेळ मनुष्यास हिशेबी करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वाळूच्या या टेकड्या इतक्या रेखीव आकाराच्या का असतात, हे कोडे बॅग्नोल्डच्या मनातून जाईना. १९३५ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वाऱ्याचा एक बोगदा उभारला, त्यात वाळू घालून तिची चाल न्याहाळली, आणि १९४१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वाळूचा कण धुळीप्रमाणे हवेत तरंगत नाही. तो उडी मारतो, खाली पडतो, आणि पडताना दुसऱ्या कणांस उडवितो. वाळूचा बहुतेक सर्व प्रवास जमिनीलगतच्या थोड्या उंचीत अशा उड्याउड्यांनीच होतो. वाऱ्याकडील अंग त्यामुळे सौम्य उताराचे व घट्ट राहते. माथ्यावरून पलीकडे पडलेली वाळू सुमारे ३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते, आणि तेथे ती भुसभुशीत असते. अनुभवी चालक घट्ट अंगाने चढतो व भुसभुशीत अंगाने नाक सरळ ठेवून उतरतो. गाडी आडवी झाली की उलटलीच. फळीवरून घसरणारे मूलही याच ३४ अंशांच्या कृपेने घसरते. अर्थात ज्यास आपण निर्जीव पसारा म्हणतो, त्यास स्वतःचे नियम आहेत. बॅग्नोल्ड वाळूस जिंकावयास गेला होता. परतला तो तिचा विद्यार्थी होऊन. १९९० साली तो वारला. पुढे मंगळ ग्रहावर पाठविलेल्या यानाने तेथील ज्या वाळूच्या टेकड्यांचे जवळून निरीक्षण केले, त्यांस त्याचेच नाव देण्यात आले आहे.

दुसरे महायुद्ध सुरू होताच हौसेची ही विद्या कामास आली. १९४० च्या जुलैत कैरो येथे बॅग्नोल्डच्या सूचनेवरून वाळवंटात दूरवर संचार करणारे एक पथक स्थापन झाले. शत्रूच्या पिछाडीस शेकडो मैल जाऊन टेहळणी करणे हे त्याचे काम. १९४१ च्या अखेरीस हिंदी घोडदळातील शिपाई निवडून अशाच कामासाठी एक हिंदी तुकडीही उभी राहिली. काल घोड्याच्या पाठीवर असलेला शिपाई आज वाळूच्या टेकडीवर मोटार घालू लागला. या गाड्यांची चाकोरी टेकड्यांच्या वाळूतून केव्हाच नाहीशी झाली; परंतु लिबिया-इजिप्तच्या कंकरमय मैदानांवर ती अनेक दशकांनंतरही दिसत राहिली. टेकडी विसरते, मैदान विसरत नाही. हा भेद क्षुल्लक नाही. पुढे त्याचे काम पडणार आहे.

युद्धाने जगास जीप दिली. चारही चाकांस गति देणारे हे लहानसे वाहन १९४१ पासून लक्षावधींनी निर्माण झाले, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास त्याची जुळणी मुंबईत महिंद्र यांच्या कारखान्यातही होऊ लागली. युद्ध संपले, वाहने उरली. आणि उरलेल्या वाहनांनी खेळ शोधला. अमेरिकेत ब्रूस मेयर्स याने १९६४ साली फोक्सवॅगनच्या यांत्रिक भागांवर हलका सांगोपांग नवा साज चढवून केवळ वाळूत हुंदडण्यासाठी एक गाडी बनविली. १९६७ साली तशाच गाडीतून त्याने मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाची लांबी ३४ तास ४५ मिनिटांत ओलांडली, तेव्हा या खेळाचे वेड तिकडे साथीसारखे पसरले. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून सेनेगालमधील डाकारकडे मोटारींची पहिली शर्यत सुटली. जेथे कंबायसिसचे सैन्य गडप झाल्याची कथा सांगत, त्या सहारात आता लोक पैसे भरून जाऊ लागले.

फळीवरून घसरण्याचा प्रकार त्या मानाने गरिबांचा. त्यास ना इंजिन लागते ना पेट्रोल. ब्राझीलच्या फ्लोरिआनोपोलिस नगराजवळील किनाऱ्यावर लाटांवर फळी चालविणारी तरुण मंडळी १९८० च्या दशकात समुद्र शांत असला म्हणजे मागच्या वाळूच्या टेकड्यांवरून घसरू लागली. पेरू देशातील नाझकाजवळचा सेर्रो ब्लांको हा समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून उंच असलेला वाळूचा डोंगर तर या खेळाचे मोठे क्षेत्रच मानला जातो. वाळू बर्फापेक्षा अधिक घासते, म्हणून फळीच्या तळास मेण चोळतात. आणि बर्फावरील खेळाप्रमाणे वर नेणारा पाळणा येथे सहसा नसल्याने प्रत्येक घसरणीची किंमत एका दमछाटीच्या चढणीने मोजावी लागते. लेखकाच्या मते हीच या खेळाची शोभा आहे. ज्याने पायांनी टेकडी चढली, त्यास वाळू किती खोल, किती गरम, किती चंचल असते, हे कळते. जीपमध्ये बसलेल्यास ते कळत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. जैसलमेरचा व्यापार १९४७ च्या फाळणीने बुडाला. सिंधकडील वाटा बंद झाल्या, आणि ते नगर एका कोपऱ्यात पडल्यासारखे झाले. १९७१ च्या डिसेंबरात त्याच्या पश्चिमेस लोंगेवाला येथे लढाई झाली, तेव्हा पाकिस्तानचे रणगाडे वाळूत अडकले आणि जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांचे भक्ष्य झाले. वाळूचा नियम न ओळखणाऱ्यास वाळू कशी शिक्षा देते, याचे ते ताजे उदाहरण होय. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७४ साली, सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा बोलपट निघाला. त्यात जैसलमेरचा किल्ला पाहून बंगाली प्रवाशांची रीघ लागली. मागून गुजराती आले, महाराष्ट्रीय आले. व्यापाराने सोडलेल्या नगरास प्रवाशांनी हात दिला. सम येथील उंटवाले, जीपवाले, मांगणियार गवई यांच्या चुली आज या प्रवाशांवर पेटतात, हे विसरून या सहलींस सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल.

दुबईचीही कथा अशीच मनोरंजक आहे. १९५९ पासून १९६६ पर्यंत तिकडे आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी म्हणून वेगळा छापलेला रुपया चालत असे, हे आजच्या तरुणांस सांगूनही खरे वाटणार नाही. १९६६ सालीच तेथे तेल सापडले, आणि दोन पिढ्यांत पारडे फिरले. ज्या वाळवंटातून तेथील अरब उंटावर बसून पाण्याच्या शोधात फिरत, त्यातच त्यांचे नातू परदेशी पाहुण्यांस मोटारीतून फिरविण्याचा उद्योग पाहू लागले. परंतु तेथील राज्यकर्त्यांस एक गोष्ट वेळीच उमगली. या शतकाच्या आरंभी त्यांनी सुमारे २२५ चौरस किलोमीटर वाळवंट कुंपण घालून राखून ठेविले, तेथे अरबी हरणांचे कळप वाढविले, आणि मोटारींच्या फेऱ्यांस मर्यादा घातली. अरबस्तानातील हे शुभ्र हरीण १९७२ च्या सुमारास रानातून नामशेष झाले होते, आणि त्याचा पाठलाग मोटारींतूनच झाला होता. त्याच १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर वाटा सोडून धावणाऱ्या मोटारींस आवर घालणारा हुकूम काढला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. ज्या दोन देशांत हा खेळ सर्वांत वाढला, तेथे त्याची वेसणही निघाली.

आपल्याकडे वेसणीचा प्रश्न कोठे येतो? सम येथील टेकड्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. १९८० च्या सुमारास स्थापन झालेले हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटर विस्ताराचे आहे. त्यात निव्वळ वाळू थोडी; सेवण नावाच्या गवताची कुरणे, फोगाची झुडुपे, आणि खेजडीची झाडे यांनीच त्याचा बराच भाग व्यापलेला आहे. ही खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण पूजितो ती शमी. आणि त्या कुरणांत जो सर्वांत मोठा पक्षी राहतो, तिकडे ज्यास गोडावण म्हणतात, तो म्हणजे आपला माळढोक!

माळढोकाची ओळख सोलापूरकरांस करून द्यावयास नको. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या नान्नजच्या माळावर तो कळपाने दिसत असे. मीटरभर उंचीचा, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी ल्यालेला हा पक्षी १९७९ साली अभयारण्यास निमित्त झाला. सालिम अली यांनी तर राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचेच नाव पुढे केले होते. १९६३ साली तो मान मोरास मिळाला. अभयारण्याचे क्षेत्र आरंभी ८,४९६ चौरस किलोमीटर धरण्यात आले होते. त्यात सोलापूर-अहमदनगर भागांतील गावेच्या गावे आल्याने लोकांची गैरसोय झाली, तक्रारी वाढल्या, आणि अखेर २०१२ च्या सुमारास ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. लोकांची गैरसोय खरी होती. तीबद्दल वाद नाही. परंतु दरम्यानच्या काळात माळच बदलला. सरकारी दप्तरात व लोकांच्या बोलण्यात माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक आहे म्हणून नांगरा, पडीक आहे म्हणून झाडे लावा, पडीक आहे म्हणून खडी काढा. उजनीचे पाणी आले तेथे ऊस आला. प्रत्येक कृत्य एकेकटे पाहिले तर उपयुक्त. सर्वांची बेरीज मात्र अशी की, आज नान्नजला माळढोक दिसणे ही अपूर्वाई झाली आहे. देशभरात मिळून तो आता दीडशेच्या आसपास उरला असून त्यांतील बहुतेक जैसलमेरकडे आहेत.

येथे वाचकांस आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप कळून येईल. माळढोकाची मादी बहुधा वर्षास एकच अंडे घालते, आणि तेही घरट्यावाचून, उघड्या जमिनीवर. ती वाळूची टेकडी पसंत करीत नाही. तिला टेकड्यांमधले गवताळ मैदान हवे असते. टेकडीवर उमटलेली चाकोरी रात्रीच्या वाऱ्याने पुसली जाते. परंतु टेकडीपर्यंत पोहोचण्यासाठी, किंवा ठरलेली वाट कंटाळवाणी वाटते म्हणून, जीप ज्या गवतावरून आडवी घातली जाते, तेथे सेवणाचे ठोंब चिरडले जातात आणि जमिनीचा पापुद्रा फुटतो. लिबियाच्या मैदानावर युद्धातील चाकोऱ्या दशके टिकल्या, हे मागे सांगितलेच आहे. माळढोकाचा सर्वांत मोठा वैरी जीप नव्हे. विजेच्या उंच तारांवर आदळून तो अधिक मरतो, आणि त्या तारांविषयी सर्वोच्च न्यायालयासही २०२१ साली लक्ष घालावे लागले. परंतु वर्षास एक अंडे घालणाऱ्या जातीस लहान वैरीही परवडत नाही.

आश्चर्य असे की, याच सम गावी २०१९ पासून माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालू झाले आहे. एकाच गावच्या परिसरात एकीकडे जीपांची रांग लागते, आणि दुसरीकडे शास्त्रज्ञ एका पिलासाठी रात्रीचा दिवस करतात. प्रवाशांपैकी किती जणांस या दुसऱ्या उद्योगाची वार्ता असते? वाळवंट म्हणजे ओसाड. ओसाड म्हणजे कोणाचेच नसलेले. आणि कोणाचेच नसलेले म्हणजे वाटेल तसे हुंदडावयाचे मैदान, अशी ही विचारांची घसरण आहे. फळीवरून घसरण्यापेक्षा तीच अधिक धोक्याची. सोलापूरच्या माळास आपण पडीक म्हटले, आणि त्याचा रहिवासी गमावला. चंद्रभागेच्या वाळवंटासही आता वाळूचे भाव कळले आहेत. बेसुमार उपशाने पात्रात पडलेले खड्डे हे त्याचे फळ. जे रिकामे म्हटले गेले ते लुटले गेले, असा हा तिहेरी अनुभव आहे.

मग सहलीस जाऊ नये काय? अवश्य जावे. परंतु बॅग्नोल्डच्या वृत्तीने जावे. त्याने वाळूशी खेळ केला, आणि त्या खेळानेच त्यास तिचे नियम शोधावयास लाविले. आपल्या गृहस्थाने जीप ठरविताना दोन शब्द अधिक बोलावे: गाडी रुळलेल्या वाटेनेच टेकडीपर्यंत न्यावी, गवतात घालू नये, आणि वाटेत पक्षी अगर हरीण दिसल्यास त्याच्यामागे लागू नये. चालकही त्याच भूमीचा पुत्र असतो. गिऱ्हाइकास थरार हवा की जपणूक हवी, हे पाहून तो गाडी हाकतो. मुलांस जीपमधून एक फेरी घडवावी, आणि मग फळी काखेस देऊन टेकडी पायी चढावयास लावावे. वर पोहोचल्यावर त्यांस वाऱ्याकडील सौम्य उतार आणि पलीकडील तीव्र उतार दाखवावा, हातात वाळू घेऊन ती ओतली असता कोणत्या कोनावर ठरते ते पाहू द्यावे. एका संध्याकाळी भूगोलाचा हा धडा जेवढा शिकून होईल, तेवढा वर्षभराच्या पुस्तकाने होणार नाही.

आणि सोलापूरकरांनी राजस्थानास निघण्यापूर्वी एक सकाळ नान्नजच्या माळासाठी काढावी. तेथे माळढोक दिसेलच असे नाही. बहुधा दिसणार नाही. काळवीट दिसतील, धाविक दिसेल, वाऱ्याने लवणारे गवत दिसेल. ते गवत मुलांनी पाहिलेले असले, म्हणजे जैसलमेरजवळ जीपच्या दोहों बाजूंस तसेच गवत लागेल तेव्हा ती आपण होऊनच चालकास म्हणतील की, दादा, गाडी वाटेवर ठेवा.